अमेरिकेतल्या स्थलांतरित शेतमजुरांच्या मुलांसाठी ‘मायग्रंट एज्युकेशन’: पात्रता, मुलाखत आणि कागदपत्रं

कॅलिफोर्नियातली स्ट्रॉबेरी, वॉशिंग्टनमधली सफरचंदं, फ्लोरिडातले टोमॅटो यांच्या तोडणीसाठी हंगामागून हंगाम फिरणारी बहुतेक कुटुंबं लॅटिनो, म्हणजे मूळची लॅटिन अमेरिकेतली आहेत. आपल्याकडे ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबातल्या मुलांच्या शाळेचं जे होतं, तेच यांच्या मुलांचं होतं. त्यासाठी 1966 पासून मायग्रंट एज्युकेशन प्रोग्रॅम ही अमेरिकेच्या केंद्र सरकारची योजना आहे. पैसा केंद्राचा, अंमल राज्याच्या शिक्षण खात्याचा आणि प्रत्यक्ष काम स्कूल डिस्ट्रिक्टचं, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेचं. उन्हाळी वर्ग, जादा शिकवणी, घरी येऊन मार्गदर्शन, बुडालेले क्रेडिट (हायस्कूलमध्ये विषय पूर्ण केल्याबद्दल मिळणारे गुणांक) भरून काढणं, पालकांच्या बैठका असं बरंच काही यातून चालतं. रोख रक्कम मात्र मिळत नाही. तिथल्या शाळांत किंवा सामाजिक संस्थांत काम करणाऱ्या मराठी मंडळींना ही माहिती वरचेवर लागते.

पात्र कोण?

लॅटिनो असण्याची अट नाही, उत्पन्नाची मर्यादा नाही आणि इमिग्रेशनचा दर्जाही पात्रतेत धरलेला नाही. मुलाचं वय 22 पेक्षा कमी हवं आणि त्याचं हायस्कूल, म्हणजे तिथली बारावी, पूर्ण झालेलं नसावं. गेल्या 36 महिन्यांत त्याने पालकासोबत किंवा पालकाकडे राहण्यासाठी एका स्कूल डिस्ट्रिक्टमधून दुसऱ्यात घर बदललेलं असावं. हे बदलणं पोटापाण्यासाठी असावं आणि पालक हंगामी किंवा तात्पुरत्या शेतीकामातला अथवा मासेमारीतला असावा. लागवड, तोडणी, डेअरी, कोंबडीपालन, ख्रिसमस ट्रीची लागवड ही कामं चालतात. बंगल्यांभोवतीची हिरवळ कापणं, मजुरांसाठी स्वयंपाक करणं किंवा तयार माल ट्रकने दूरवर पोचवणं चालत नाही.

एकट्याने कामाला आलेला, शाळा सोडलेला 19 वर्षांचा मुलगाही पात्र ठरतो. त्याच्या अर्जावर तोच सही करतो. नेमकी हीच मुलं सर्वांत जास्त सुटतात, कारण ती शाळेच्या पटावरच नसतात. त्यांना गाठायचं तर मजुरांच्या वस्तीवर किंवा आठवडी बाजारात जावं लागतं, तेही संध्याकाळी काम सुटल्यावर.

अर्ज म्हणजे मुलाखत

खिडकीवर जाऊन भरायचा फॉर्म इथे नाही. शाळेत नाव घालताना मिळणाऱ्या प्रश्नावलीत ‘गेल्या तीन वर्षांत शेतीकामासाठी जागा बदलली का?’ असा प्रश्न असतो. तिथे ‘हो’ म्हटलं की रिक्रूटर, म्हणजे योजनेसाठी पात्र मुलं शोधणारा कर्मचारी, घरी येतो किंवा फोन करतो. तो विचारत जातो आणि पात्रता दाखला, म्हणजे सीओई, भरत जातो. त्यावर माहिती देणाऱ्याची आणि रिक्रूटरची सही होते. पुढे राज्याने नेमलेला तपासनीस तो मंजूर करतो.

खरी मेख तारखांत आहे. दाखल्यावरची आगमनाची तारीख म्हणजे मूल आणि कामगार दोघेही नव्या ठिकाणी पोचले तो दिवस. समजा, वडील 2 मेला आले आणि शाळा संपवून मुलं 12 जूनला आली, तर तारीख 12 जूनच पडते. तिथे 2 मे लिहिली गेली तर 36 महिन्यांतले 41 दिवस हकनाक जातात. म्हणून मुलाखतीआधी कुटुंबाला कॅलेंडर समोर ठेवून बसवावं: कोणत्या गावाहून आलात, कोण आधी आलं, काम कधी लागलं, कोणतं पीक. आल्यावर साधारण 60 दिवसांच्या आत शेतीकाम सुरू झालेलं असावं लागतं. काम मिळालंच नसेल, तर ते शोधल्याचा आणि अलीकडे अशाच कामासाठी जागा बदलल्याचा तपशील द्यावा लागतो.

सुट्टीत मेक्सिकोला जाऊन परत येणं धरत नाहीत. नव्या जागी आल्यानंतर जन्मलेलं बाळ पात्र नसतं, कारण त्याने स्थलांतर केलेलंच नसतं. थोरली दोघं दाखल्यावर आणि धाकटं नाही, हे पाहून पालक गोंधळतात. त्यांना कारण आधीच सांगून ठेवलेलं बरं.

भाषेचं एक भान हवं. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्याची मिश्तेको किंवा ग्वाटेमालाची माम या आदिवासी भाषा बोलणाऱ्या कुटुंबांना स्पॅनिश पुरेसं येतंच असं नाही. मान डोलावून दिलेला होकार पुढे फेरतपासणीत अंगाशी येतो. दरवर्षी काही कुटुंबं निवडून त्यांची पुन्हा मुलाखत होते. असा फोन आला म्हणजे संशय घेतला असं नाही, हेही आधीच कानावर घालावं.

कागदपत्रं

दाखल्यासाठी पगाराची चिठ्ठी किंवा सोशल सिक्युरिटी क्रमांक लागत नाही. तोंडी माहिती आणि सही यावर काम होतं. जन्मतारखेसाठी जन्मदाखला किंवा शाळेची नोंद हाताशी असली तर उत्तम, नसल्यास पालकांचं सांगणं चालतं. शाळाप्रवेशाची कागदपत्रं, म्हणजे लसीकरण आणि राहण्याचा पुरावा, हा वेगळा विषय. पण कुटुंब मोटेलमध्ये किंवा नाइलाजाने दुसऱ्याच्या घरात दाटीवाटीने राहत असेल, तर बेघर मुलांच्या शिक्षणासाठीच्या मॅकिनी-व्हेन्टो कायद्याखाली कागदांविना तत्काळ प्रवेश द्यावा लागतो. इमिग्रेशनच्या दर्जावरून शाळा मूल नाकारू शकत नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयात 1982 च्या प्लायलर विरुद्ध डो खटल्यात ठरलं आहे.

मंजुरीनंतर

मुलाची नोंद एमएसआयएक्स या राष्ट्रीय संगणकीय यंत्रणेत जाते, त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या शाळेला त्याचे विषय आणि क्रेडिट दिसतात. शाळेतलं जेवण मोफत होतं, उत्पन्नाचा वेगळा अर्ज लागत नाही. योजनेच्या प्रत्येक वर्गात जागा मिळेलच असं नाही. गेल्या वर्षभरात स्थलांतर केलेल्या आणि अभ्यासात मागे पडलेल्या किंवा शाळा सुटलेल्या मुलांना आधी घेतात. 2025 च्या जुलैत केंद्राने या योजनेचा निधी काही आठवडे अडवून धरला होता, त्यामुळे उन्हाळी वर्ग खरंच भरणार आहेत का, हे डिस्ट्रिक्टला फोन करून आधी विचारावं.

दाखल्याची प्रत कुटुंबाने जवळ ठेवावी. पुढच्या हंगामात पुन्हा दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये गेलात आणि तिथे अटी पूर्ण झाल्या, तर नवा दाखला करून घ्या. 36 महिने नव्या तारखेपासून पुन्हा मोजले जातात.