येणे असलेली कंपनी दिवाळखोरीत गेली का? नोंद कुठे शोधायची, दावा कसा भरायचा

(आमच्या पुरवठादार ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे हिशेबाची आणि जीएसटीची कामे देणारे बहुतेक ग्राहक लहान पुरवठादार आहेत. कोणी पुठ्ठ्याची खोकी बनवतो, कोणी लेथवर सुटे भाग करून देतो, कोणी कारखान्याला मजूर पुरवतो. माल जातो, बिल जाते आणि पैसे कधी साठ दिवसांनी, कधी वर्षाने येतात. यातल्याच एका खोकीवाल्या ग्राहकाचे एका कंपनीकडे अठरा लाखांचे येणे होते. तिथला खरेदी विभागातला माणूस दर सोमवारी फोनवर "पुढच्या आठवड्यात सोडतो" म्हणायचा. फोन उचलणेच बंद झाले तेव्हा ते आमच्याकडे आले. त्यांच्यासमोरच आम्ही कंपनीचे नाव टाकून पाहिले. दिवाळखोरीची जाहीर सूचना सात महिन्यांपूर्वीच निघाली होती आणि दावे घेण्याची मुदत सरली होती. समोर बसलेल्या माणसाला हे सांगणे आम्हाला फार जड गेले. नोंद सर्वांसाठी खुली होती, पाहायला पैसेही लागत नव्हते. ती कुठे असते एवढेच त्यांना ठाऊक नव्हते.

आधी समोरचा कोण ते पाहा

बिलावरचे नाव नीट वाचा. नावाच्या शेवटी 'प्रायव्हेट लिमिटेड', 'लिमिटेड' किंवा 'एलएलपी' असेल, तर प्रकरण २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेखाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे जाते. नुसते 'ट्रेडर्स' किंवा 'एंटरप्रायझेस' असेल, तर ती बहुधा एका माणसाची किंवा भागीदारीची पेढी असते. तिची नोंद एनसीएलटीत शोधून सापडणार नाही. संहितेतला व्यक्तींचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. बाकी व्यक्ती आणि भागीदारी पेढ्यांना जुनेच कायदे लागू आहेत: मुंबई शहरात १९०९ चा, तिथे उच्च न्यायालय आणि त्याचे ऑफिशियल असायनी (नादाराची मालमत्ता ताब्यात घेणारे अधिकारी) काम पाहतात, शहराबाहेर १९२० चा, तिथे जिल्हा न्यायालय. जिल्हा न्यायालयातला नादारीचा अर्ज ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराचे नाव आणि वर्ष टाकून शोधता येतो. 'प्रलंबित' आणि 'निकाली' दोन्ही प्रकार पाहा.

यापुढचे सगळे कंपन्यांबद्दल आहे, कारण आमच्या ग्राहकांचे पैसे अडकतात ते बहुतेक तिथेच.

कोणते खंडपीठ?

कारखाना कुठे आहे यावर हे ठरत नाही. कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय ज्या राज्यात, त्या राज्याच्या खंडपीठाकडे प्रकरण जाते. कारखाना चाकणला आणि नोंदणीकृत कार्यालय दिल्लीत असेल तर मुंबईच्या यादीत कितीही शोधा, काही मिळणार नाही. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे कंपनीचा सीआयएन, म्हणजे तिचा नोंदणी क्रमांक. तिच्या लेटरहेडवर आणि बिलावर तो छापलेला असतो. त्यात एकवीस अक्षरे-अंक असतात. पहिले अक्षर 'एल' किंवा 'यू', पुढे उद्योगाचे पाच अंक आणि लगेच राज्याची दोन अक्षरे. 'एमएच' दिसले की महाराष्ट्र, म्हणजे मुंबई खंडपीठ. 'डीएल' म्हणजे दिल्ली. एलएलपीला सीआयएन नसतो, तिचा नोंदणी क्रमांक वेगळा असतो.

सीआयएन हाती असेल तर शोधही त्यानेच घ्या. कंपन्या नाव बदलतात, आणि नावातल्या एका स्पेलिंगच्या फरकाने नोंद निसटते.

कुठे शोधायचे

पहिली जागा कंपनी व्यवहार मंत्रालयाचे पोर्टल. तिथल्या कंपनीच्या मूळ माहितीत 'स्थिती' असा रकाना असतो. ती चालू आहे, दिवाळखोरी प्रक्रियेत आहे, अवसायनात (मालमत्ता विकून बंद होण्याच्या वाटेवर) आहे की नोंदवहीतून काढली आहे, हे तिथे कळते. पण ही स्थिती नेहमी ताजी असते असे धरून चालू नका. 'चालू' दिसले तरी पुढच्या दोन जागा पाहाच.

दुसरी जागा आयबीबीआय, म्हणजे दिवाळखोरी मंडळाचे संकेतस्थळ. इथे जाहीर सूचनांच्या विभागात कंपनीच्या नावाने शोधता येते. आमच्या मते पुरवठादारासाठी सर्वांत उपयोगी जागा हीच. आम्ही स्वतः शोध इथूनच सुरू करतो.

तिसरी जागा एनसीएलटीचे संकेतस्थळ. खंडपीठ निवडून पक्षकाराच्या नावाने, प्रकरण क्रमांकाने किंवा वकिलाच्या नावाने प्रकरणाची स्थिती पाहता येते आणि आदेश उतरवून घेता येतात. दिवाळखोरीच्या अर्जाच्या क्रमांकात 'सीपी' आणि कंसात 'आयबी' ही अक्षरे दिसतात.

इथे एक गल्लत वारंवार होते. कंपनीविरुद्ध अर्ज दाखल झाला म्हणजे ती दिवाळखोरीत गेली असे नाही. अर्ज नुसते दाखल असतात, परत घेतले जातात, फेटाळलेही जातात. एका ग्राहकाने असा एक प्रलंबित अर्ज पाहून चांगल्या चालणाऱ्या कंपनीचा माल थांबवला आणि ऑर्डर गमावली. त्यामुळे आदेश उघडा आणि शेवटची दोन पाने वाचा. अर्ज 'दाखल करून घेतला' (न्यायाधिकरणाने स्वीकारला), मोरॅटोरियम (कंपनीविरुद्धच्या वसुलीला स्थगिती) जाहीर केले, आयआरपी (कंपनीचा कारभार तात्पुरता हाती घेणारा व्यावसायिक) म्हणून अमुक व्यक्ती नेमली, या तिन्ही गोष्टी असतील तरच प्रक्रिया सुरू झाली असे समजा. 'परत घेतल्यामुळे निकाली' असे असेल तर त्या अर्जापुरता विषय संपला.

जाहीर सूचनेत काय वाचायचे

आयआरपी नेमल्यापासून तीन दिवसांत जाहीर सूचना काढावी लागते. एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वर्तमानपत्रात, कंपनीचे संकेतस्थळ असल्यास त्यावर, आणि आयबीबीआयच्या संकेतस्थळावर. तिला 'फॉर्म ए' म्हणतात. तक्त्याच्या चौदा ओळी असतात. सहावी ओळ प्रक्रिया सुरू झाल्याची तारीख. नववी आणि दहावी दोन्ही पत्त्यांच्या आहेत, पण पत्रव्यवहारासाठीचा पत्ता आणि ई-मेल दहाव्या ओळीत असतो. दावा तिथेच पाठवा. अकरावी ओळ दाव्याच्या शेवटच्या तारखेची. ही तारीख नेमणुकीपासून चौदा दिवसांची असते, आणि सूचना निघेपर्यंत त्यातले काही दिवस गेलेले असतात.

ती तारीख चुकली तरी लगेच आशा सोडू नका. प्रक्रिया सुरू झाल्यापासून नव्वद दिवस, किंवा कंपनी सावरण्याच्या योजना मागवण्याची सूचना निघेपर्यंत, यातले जे नंतर येईल तोवर उशिराचे कारण देऊन दावा करता येतो. त्यानंतर वाट फार अरुंद होते. न्यायाधिकरणाने योजना मंजूर केली की योजनेत नसलेले जुने दावे संपुष्टात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून आम्ही तारखेबद्दल एवढे आग्रही आहोत.

दावा कसा भरायचा

माल किंवा सेवा पुरवणाऱ्यांसाठी 'फॉर्म बी'. तुमच्यापैकी कोणी त्या कंपनीला ठेव किंवा कर्ज दिले असेल तर 'फॉर्म सी'. घर बुक केलेल्यांसाठी 'सीए', आणि कामगार-कर्मचाऱ्यांसाठी 'डी'. दाव्याला न्यायाधिकरणाचे शुल्क नाही आणि वकील लागतोच असेही नाही.

रक्कम सहाव्या ओळीतल्या तारखेपर्यंतची लिहायची, व्याज वेगळे दाखवायचे. पर्चेस ऑर्डर, बिले, माल मिळाल्याच्या सहीची डिलिव्हरी चलने, खातेउतारा, बँकेचे स्टेटमेंट, ई-वे बिले आणि जीएसटीआर-१ व ३बी चे उतारे जोडा. सर्वांत जास्त दावे अडकतात ते चलनावर. गेटवरच्या माणसाने सही केलेली, शिक्का मारलेली चलने जपून ठेवली असतील तर काम निम्मे झाले. कंपनीचे तुमच्याकडे काही येणे असेल तर तेही लपवू नका, फॉर्ममध्ये त्यासाठी जागा आहे. दावा पाठवल्यावर पोच मागा आणि धनकोंच्या यादीत तुमचे नाव किती रकमेने आले ते पाहा. ही यादी उघड ठेवावी लागते. रक्कम कापली असेल तर कारण लेखी विचारा.

मोरॅटोरियम लागल्यावर कंपनीविरुद्ध न्यायालयात नवा दावा लावता येत नाही, तिथले चालू दावेही थांबतात. चेक परत गेल्याचा खटला कंपनीपुरता थांबतो, पण चेकवर सही करणाऱ्या संचालकांविरुद्ध चालू राहतो. सहाव्या ओळीतल्या तारखेनंतर माल द्यायचा असेल तर आयआरपीची लेखी ऑर्डर घ्या आणि खाते वेगळे ठेवा. तो पैसा प्रक्रियेचा खर्च म्हणून आधी चुकवला जातो. जुन्या आणि नव्या बाकीची सरमिसळ केली तर दोन्ही गोत्यात येतात.

कंपनीला दिवाळखोरीत नेण्याचा अर्ज आपणच करायचा का?

हे आम्हाला बरेच जण विचारतात. २४ मार्च २०२० पासून थकबाकीची किमान मर्यादा एक लाखावरून एक कोटी झाली. तेवढे येणे असेल तर आधी मागणी नोटीस, मग दहा दिवस थांबणे, मग 'फॉर्म ५' आणि दोन हजार रुपये शुल्क. येणे तीन वर्षांच्या आतले हवे, आणि २५ मार्च २०२० पासूनच्या एका वर्षात थकलेल्या रकमेवर हा अर्ज करताच येत नाही. नोटिशीच्या आधी मालाच्या दर्जाबद्दल खरा वाद लेखी झाला असेल, अगदी ई-मेलवर, तर अर्ज टिकत नाही.

आमचे मत स्पष्ट आहे: नुसत्या वसुलीसाठी हा मार्ग धरू नये. कंपनी खरोखर बुडाली तर बँकांच्या मागे तुमचा नंबर लागतो. कंपनी अजून चालू असेल आणि तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून माल देण्याआधीची असेल, तर सुविधा परिषदेकडे (लहान उद्योगांच्या थकलेल्या बिलांचे वाद सोडवणारी सरकारी परिषद) जा. तिथे पंचेचाळीस दिवसांनंतरच्या थकबाकीवर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते.

आमच्याकडे येताना

कंपनीचे एक बिल (सीआयएन दिसेल असे), तुमचा खातेउतारा, सहीची चलने आणि झालेला सगळा ई-मेल व्यवहार आणा. कंपनीचे पैसे नव्वद दिवसांहून जास्त थकले असतील तर फक्त तिचे नाव कळवा. नोंद शोधण्याचे आम्ही पैसे घेत नाही, आणि जाहीर सूचना निघालेली दिसली तर त्याच दिवशी तुम्हाला फोन करतो.