एसीएलची मेमरी सोडताना: 'फ्री' नव्हे, 'एसीएल_फ्री'

मालक, गट आणि इतर या तीन परवानग्या पुरत नाहीत तेव्हा लिनक्सवर फाइलला ॲक्सेस कंट्रोल लिस्ट, म्हणजे एसीएल, लावतात. सी प्रोग्रॅममध्ये 'एसीएल_गेट_फाइल' ही यादी मेमरीत तयार करून तिचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, देते. ती सोडणे मग आपले काम.

त्यासाठी नेहमीचे 'फ्री' चालत नाही. लिबएसीएल लायब्ररी प्रत्येक वस्तूच्या अगोदर स्वतःची छोटी नोंद ठेवते आणि त्या नोंदीपुढचा पत्ता आपल्या हाती देते. मेमरी मागून घेणाऱ्या 'मॅलॉक'ने दिलेला मूळ पत्ता वेगळाच असतो, त्यामुळे 'फ्री' केले की प्रोग्रॅम बहुधा 'इनव्हॅलिड पॉइंटर' म्हणत तिथेच कोसळतो. 'एसीएल_टू_टेक्स्ट'ची स्ट्रिंग साध्या स्ट्रिंगसारखीच दिसते, म्हणून इथे फसायला होते. तीही 'एसीएल_फ्री'नेच सोडायची.

खरी गळती, म्हणजे न सोडलेली मेमरी साचत जाणे, मात्र लूपमध्ये होते. 'एसीएल_गेट_एंट्री'ने एकेक एंट्री काढतो. ही एंट्री यादीच्याच पोटातली असते, वेगळी सोडायची नाही. परवानग्यांचा संच देणाऱ्या 'एसीएल_गेट_परमसेट'चेही तेच. पण नावानिशी दिलेला वापरकर्ता कोण, हे सांगणारे 'एसीएल_गेट_क्वालिफायर' दर वेळी नवी मेमरी घेते. समजा एका फाइलला असे दोन वापरकर्ते जोडले आहेत. मालक, गट, मास्क (परवानग्यांची कमाल मर्यादा) आणि इतर धरून सहा एंट्री झाल्या, त्यांपैकी दोनच क्वालिफायर देतात. ते सोडायचे राहिले, तर एक लाख फाइली तपासेपर्यंत दोन लाख तुकडे अडकून पडतात. यूआयडी, म्हणजे वापरकर्त्याचा क्रमांक, लगेच साध्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्यावा आणि पुढच्याच ओळीत 'एसीएल_फ्री' करावे, ही सवय सर्वांत भरवशाची.

'एसीएल_सेट_फाइल'ला यादी दिली म्हणून ती आपोआप सुटत नाही. फाइलवर लावून झाल्यावरही ती आपणच सोडायची. 'एसीएल_डुप'ने काढलेली प्रत मूळ यादीपेक्षा स्वतंत्र असते, तिचा हिशेब वेगळा. यादी सोडल्यावर तिच्यातल्या एंट्रीला हात लावू नये, तो पॉइंटर आता रिकाम्या जागेकडे बोट दाखवतो. चूक झाल्यावर मध्येच 'रिटर्न' करणारे रस्ते जरूर तपासावेत, कारण सोडायचे राहते ते बहुतेक तिथेच. अशा वेळी चुकीचा क्रमांक ठेवणाऱ्या 'एररनो'ची किंमत आधी बाजूला ठेवावी, मग 'एसीएल_फ्री' बोलवावे.

शंका असेल तर प्रोग्रॅम वॅलग्राइंड या मेमरीतल्या चुका शोधणाऱ्या साधनाखाली 'लीक-चेक=फुल' देऊन चालवावा. अहवालात 'डेफिनिटली लॉस्ट'खाली कोणत्या कॉलची मेमरी राहिली ते स्टॅकसकट, म्हणजे फंक्शन कॉलच्या साखळीसकट, दिसते. डीबग माहितीसाठी कंपाइल करताना '-जी' द्यायला विसरू नये.