गोष्ट वेगळी, यंत्र वेगळं: जुने अ‍ॅडव्हेंचर गेम ब्राउझरपर्यंत कसे पोचले

ब्राउझरच्या टॅबमध्ये ‘झॉर्क’ हा जुना, टाइप करून खेळायचा अ‍ॅडव्हेंचर गेम सुरू केला की समोर नुसती अक्षरं येतात. एक पांढरं घर, फळ्या ठोकून बंद केलेला दरवाजा, तिथेच एक छोटीशी टपालपेटी. खाली कर्सर लुकलुकत असतो. ‘ओपन मेलबॉक्स’ असं टाइप करून एंटर दाबलं की पेटी उघडते आणि आत एक पत्रक सापडतं. हे उत्तर ज्या फाइलमधून येतं ती ऐंशीच्या दशकात फ्लॉपीवर विकली गेलेलीच फाइल असते. ब्राउझरसाठी तिच्यात एका अक्षराचाही बदल करावा लागलेला नाही.

त्या काळातली बहुतेक सॉफ्टवेअर ज्या यंत्रासाठी लिहिली गेली त्या यंत्राबरोबरच अडगळीत गेली. अ‍ॅडव्हेंचर गेम मात्र टिकले. आठवणींची ओढ हे त्याचं एक कारण आहेच, पण खरं कारण हे गेम बांधण्याच्या पद्धतीत आहे असं मला वाटतं.

सुरुवात एका गुहेतून झाली. विल क्राउदर हा प्रोग्रामर अर्पानेट, म्हणजे इंटरनेटचं पूर्वरूप, उभारणाऱ्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत काम करायचा आणि सुटीत गुहा धुंडाळायचा. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्हचे नकाशे करण्यात त्याचा हात होता. घटस्फोटानंतर आपल्या मुलींना खेळता यावं म्हणून १९७५-७६च्या सुमारास त्याने पीडीपी-१० या संगणकावर फोरट्रान भाषेत एक गेम लिहिला: गुहेत शिरायचं, दोन शब्दांच्या आज्ञा द्यायच्या आणि वाट शोधायची. स्टॅनफर्डमधल्या डॉन वुड्सच्या हाती तो लागला. त्याने क्राउदरची परवानगी घेऊन त्यात भर घातली आणि १९७७मध्ये ‘अ‍ॅडव्हेंचर’ अर्पानेटवरून ठिकठिकाणच्या संगणकांवर जाऊन बसला. हा प्रकार पहिल्यापासूनच नेटवर्कवरून पसरला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

एमआयटी या अमेरिकी तंत्रविद्यापीठात ‘अ‍ॅडव्हेंचर’ खेळून संपवलेल्या चौघांनी, टिम अँडरसन, मार्क ब्लँक, ब्रूस डॅनियल्स आणि डेव्ह लेब्लिंग यांनी, त्याच वर्षी ‘झॉर्क’ लिहायला घेतला. दोन शब्दांऐवजी पूर्ण वाक्य समजणारा गेम त्यांना हवा होता. १९७९मध्ये एमआयटीतल्या मंडळींनी इन्फोकॉम कंपनी काढली आणि इथे खरी अडचण उभी राहिली. मूळ ‘झॉर्क’ला मेनफ्रेमची, म्हणजे संस्थेतल्या मोठ्या संगणकाची, सुमारे एक मेगाबाइट मेमरी लागायची, तर घरगुती संगणकात तिचा एक लहानसा तुकडा जेमतेम असायचा. शिवाय अ‍ॅपल, टीआरएस-८०, अटारी, कमोडोर ही सगळी यंत्रं एकमेकांशी विसंगत. प्रत्येकासाठी गेम नव्याने लिहायचा म्हटलं तर कंपनी बुडालीच असती.

जोएल बेरेझ आणि मार्क ब्लँक यांनी काढलेला तोडगा आजही थक्क करतो. त्यांनी प्रत्यक्षात कुठेच नसलेला एक संगणक कागदावर आखला आणि त्याला झी-मशीन म्हटलं. गेम लिहायचा तो या कल्पित यंत्रासाठी, एकदाच. मग प्रत्येक खऱ्या संगणकासाठी त्या यंत्राची नक्कल करणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे इंटरप्रिटर, तेवढा वेगळा लिहायचा. जागा वाचवण्यासाठी मजकूर ठासून भरला: एका अक्षराला पाच बिट, म्हणजे दोन बाइटमध्ये तीन अक्षरं. गोष्टीचा जो भाग लागेल तेवढाच डिस्कवरून मेमरीत आणायचा. तरीही मेनफ्रेमवरच्या ‘झॉर्क’चे तीन भाग करावे लागले. १९८०मध्ये आलेल्या पहिल्या भागाची फाइल शंभर किलोबाइटपेक्षाही लहान आहे.

हीच युक्ती चित्रांच्या गेममध्येही आली. केन आणि रॉबर्टा विल्यम्स यांच्या सिएराने १९८४मध्ये ‘किंग्ज क्वेस्ट’ आणला. त्याचं एजीआय नावाचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा प्रोग्राम, पडद्यावरचं दृश्य चित्र म्हणून साठवतच नव्हतं. इथून तिथे रेघ ओढ, हा भाग अमुक रंगाने भर, अशा आज्ञांची ती यादी असायची आणि प्रत्येक दृश्य खेळताना नव्याने रंगवलं जायचं, १६० बाय २०० ठिपक्यांत आणि १६ रंगांत. लुकासफिल्म गेम्समध्ये रॉन गिल्बर्ट आणि अ‍ॅरिक विल्मंडर यांनी १९८७च्या ‘मॅनियाक मॅन्शन’साठी स्कम ही प्रणाली केली. आज्ञा टाइप करण्याऐवजी पडद्यावरच्या क्रियापदांवर क्लिक करायचं. १९९०चा ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ याच प्रणालीवर उभा राहिला. तिन्ही ठिकाणी रचना एकच होती: गोष्ट, चित्रं आणि कोडी एका बाजूला, ती चालवणारं इंजिन दुसऱ्या बाजूला.

पुढे कंपन्या मिटल्या किंवा विकल्या गेल्या. इन्फोकॉम १९८६मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन या दुसऱ्या गेम कंपनीकडे गेली आणि १९८९मध्ये बंद पडली. पण कल्पित यंत्राचा नकाशा फाइलींमध्येच दडलेला होता. हौशी प्रोग्रामरांनी त्या उलगडून झी-मशीनचे नवे इंटरप्रिटर लिहिले. १९९३मध्ये ग्रॅहम नेल्सन यांनी इन्फॉर्म ही भाषा आणून त्याच यंत्रासाठी नवे गेम लिहिण्याची सोय केली. ज्या कंपनीने यंत्र कल्पिलं ती उरली नाही, आणि त्या यंत्रासाठी लोक नव्या गोष्टी लिहीत राहिले!

ऑक्टोबर २००१मध्ये स्वीडनच्या लुडविग स्ट्रिगेउसने स्कमव्हीएम प्रसिद्ध केलं.  स्कमव्हीएम हे मूळ इंजिनच्या जागी बसणारं नवं इंजिन आहे. गेमच्या जुन्या फाइली द्यायच्या आणि ते आजच्या यंत्रावर चालवतं. हळूहळू सिएराची आणि इतरांची इंजिनंही त्यात आली, आणि आज त्यात शेकडो गेम चालतात. पाठोपाठ २००२मध्ये डॉसबॉक्स आलं. त्याची वाट निराळी. ते डॉस या जुन्या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या आख्ख्या पीसीचीच नक्कल करतं, मग आत गेम असो वा हिशेबाचा प्रोग्राम.

आता उरला होता ब्राउझर. झी-मशीनला तिथे फार अडलं नाही, कारण ते यंत्रच चिमुकलं. २००८मध्ये पार्चमेंट हा जावास्क्रिप्टमधला इंटरप्रिटर आला आणि काहीही इन्स्टॉल न करता मजकुरी गेम खेळता येऊ लागले. स्कमव्हीएम किंवा डॉसबॉक्ससारखे सी आणि सी++ मधले लाखो ओळींचे प्रोग्राम हाताने जावास्क्रिप्टमध्ये लिहिणं मात्र कुणाला झेपलं नसतं. मोझिलातल्या अलोन झाकाई यांच्या एम्स्क्रिप्टेनने ते भाषांतर यंत्राकडे सोपवलं. २०१३मध्ये एएसएम.जेएस या जावास्क्रिप्टच्या आटोपशीर रूपाने वेग दिला. २०१७अखेर वेबअसेंब्ली ही असा कोड ब्राउझरमध्ये वेगाने चालवण्याची पद्धत चारही प्रमुख ब्राउझरमध्ये पोचली आणि डिसेंबर २०१९मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने तिला अधिकृत मानक केलं. मधल्या काळात, जानेवारी २०१५मध्ये, इंटरनेट अर्काइव्ह या डिजिटल संग्रहालयाने डॉसचे सुमारे २४०० गेम ब्राउझरमध्ये खेळायला खुले केले.

या भाषांतरात एक पेच होता. जुना गेम वाट बघतो ती चक्रात फिरून: की दाबली का? नाही. आता? नाही. ब्राउझरला हे चालत नाही. पानावरच्या कोडने काम उरकून ताबा लगेच परत द्यावा अशी त्याची अपेक्षा असते, नाहीतर सगळं पानच गोठतं. म्हणजे खेळाडू कोड्यापाशी विचार करत बसला की टॅब लटकला. आज एम्स्क्रिप्टेनमधली असिंकिफाय ही सोय प्रोग्राम जिथे थांबला तिथली त्याची सगळी स्थिती बाजूला काढून ठेवते, ताबा ब्राउझरला देते आणि वेळ झाली की तिथूनच पुढे सुरू करते. जुन्या गेमला मधे कुणी थांबवलं हे कळतही नाही.

बारीक खाचखळगे अजून आहेत. ब्राउझर आपणहून आवाज सुरू करू देत नाहीत, म्हणून आधी ‘सुरू करा’वर क्लिक करावं लागतं. सेव्ह केलेला खेळ बहुधा ब्राउझरच्याच साठ्यात राहतो आणि साइट डेटा साफ केला की जातो. ३२० बाय २०० ठिपक्यांचं चित्र तेव्हाच्या पडद्यावर उभं ताणलेलं दिसायचं. आज ते चौकोनी ठिपक्यांत दाखवलं तर चंद्र चपटा आणि माणसं बुटकी होतात. चित्रकाराने काढलं ते बघायचं असेल तर ४:३ प्रमाणाचा पर्याय शोधून चालू करावाच.

हक्कांचा प्रश्न तंत्रापेक्षा सावकाश सुटतो आहे. रेव्होल्यूशन या कंपनीने १९९४चा ‘बिनीथ अ स्टील स्काय’ २००३मध्ये मोफत केला, म्हणून तो निर्धास्तपणे कुठेही खेळता येतो. नोव्हेंबर २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘झॉर्क’च्या तिन्ही भागांचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरांनी लिहिलेला मूळ मजकूर, कुणालाही वापरू देणाऱ्या एमआयटी परवान्याखाली खुला केला. बाकी पुष्कळ गेम कायद्याने आजही कुणाच्या तरी मालकीचेच आहेत, मग ते विकले जात असोत वा नसोत.

टॅबमध्ये आपोआप येत नाही ती एकच गोष्ट, खोक्यातले कागद. १९८२चा ‘डेडलाइन’ हा इन्फोकॉमचा खुनाचा तपास. गोष्टीला लागणारा मजकूर डिस्कवर मावेना, म्हणून कंपनीने साक्षीदारांचे जबाब, प्रयोगशाळेचा अहवाल आणि चक्क गोळ्यांची पुडी खोक्यात घातली. तपासाचे धागे त्या कागदांत आहेत. स्कॅन केलेली ती पानं शोधून शेजारच्या टॅबमध्ये उघडावीत आणि मगच घराचं दार ठोठावावं.