पक्षाघातानंतरचा एरोबिक व्यायाम

पक्षाघातातून सावरणाऱ्या माणसाचा दम वाढावा म्हणून ठरावीक वेळ, लयीत आणि श्वास थोडा वाढेल इतक्या जोमाने केलेली हालचाल म्हणजे एरोबिक व्यायाम. चालणे, एका जागी बसवलेली सायकल आणि ट्रेडमिल हे त्याचे नेहमीचे प्रकार.

सांगली-साताऱ्याकडे पक्षाघाताला ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात आणि घरच्यांचे सगळे लक्ष लुळ्या पडलेल्या हातापायाकडे लागते. खाटेवर झोपवून कुणीतरी पाय वर-खाली करून देतो, तेल चोळतो. हालवून दिल्याने सांधे आखडत नाहीत, एवढे खरे. पण रुग्णाचा श्वास जागचा हलत नाही (दमतो तो करून देणारा), म्हणून त्याला एरोबिक म्हणता येत नाही.

झटक्यानंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता अनेकदा त्याच वयाच्या निरोगी माणसाच्या निम्म्यावर येते. त्यात पाय ओढत चालायला शक्ती जास्त लागते, काहींना जवळजवळ दुप्पट. मिळकत निम्मी आणि खर्च दुप्पट, असा हा हिशेब. न्हाणीघरापर्यंत जाऊन धाप लागते म्हणून माणूस बसून राहतो, आणि बसून राहिल्याने उरलासुरला दमही जातो. ‘तुम्ही उठू नका, पाणी आम्ही देतो’ ही घरातली माया इथे आड येते.

अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2014 च्या शिफारशींनुसार हा व्यायाम आठवड्यातून 3 ते 5 दिवस, दर वेळी 20 ते 60 मिनिटे करावा. एका दमात जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडावेत. नाडीची राखीव वाढ (कमाल ठोके वजा बसल्या जागचे ठोके) 40 ते 70 टक्के वापरली जावी, असे माप आहे. वय 60 असेल तर नाडीची ढोबळ कमाल 220 वजा 60, म्हणजे 160. बसल्या जागी ठोके 76 असतील तर राखीव 84, आणि तिचे 40 ते 70 टक्के 76 मध्ये मिळवले की व्यायामातली नाडी साधारण 110 ते 135. मात्र रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडी दाबलेली राहते आणि हे गणित फसते. मग स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची 6 ते 20 ची श्रमपट्टी (6 म्हणजे श्रमच नाहीत, 20 म्हणजे कमाल श्रम) वापरतात, ‘किती दमलात?’ याचे उत्तर 11 ते 14 मध्ये यावे. घरगुती खूण याहून सोपी: चालताना बोलता यावे, पण अभंग म्हणता येऊ नये.

घाईही बरी नव्हे. पाच देशांतल्या 2,104 रुग्णांवर झालेल्या ‘अव्हर्ट’ चाचणीत (2015) पहिल्या 24 तासांत उठवून वारंवार, जास्त हालचाल करवलेल्यांचे निकाल नेहमीच्या उपचारांपेक्षा थोडे कमी पडले. त्यामुळे प्रकृती स्थिरावल्यावर, डॉक्टरांनी हृदय आणि रक्तदाब तपासूनच सुरुवात करतात.

जागेचा फरक इथे पडतो. सांगली नदीकाठची, सपाट. तिथल्या आमराई बागेत सकाळी आठच्या आत सावलीत फेऱ्या मारता येतात. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचे, गल्ल्याही चढाच्या. यवतेश्वरचा घाट धडधाकट माणसाचा दम काढतो. नव्या रुग्णाने सपाट मैदान शोधावे. चढाला जपावे, कारण पाऊल वर उचलले जात नसेल तर अंगठा जमिनीला अडकतो. चप्पल हा तर वेगळाच घोळ. दुबळ्या पायातून ती निसटते, चार पावले मागे राहते आणि रुग्णाला पत्ताही नसतो. टाचेला पट्टा असलेली सँडल किंवा बूट हवा, सोबतीने दुबळ्या बाजूला चालावे, पण खांद्याला धरून ओढू नये.

छातीत दुखले, चक्कर आली, बोलणे अडखळले किंवा एका बाजूची ताकद नव्याने कमी वाटली, तर तिथेच थांबून थेट दवाखाना गाठावा. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने उपाशीपोटी निघू नये, खिशात साखर ठेवावी.

या व्यायामाने चालण्याचा वेग आणि अंतर वाढते, रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते. हाताची मिटलेली मूठ मात्र याने उघडत नाही. तिचे व्यायाम वेगळे आणि ते सोबत चालूच ठेवावे लागतात.

पावसाळ्यात कृष्णेकाठचे रस्ते निसरडे होतात, 2019 आणि 2021 सारख्या महापुरात तर पाण्याखालीच जातात. तेव्हा खुर्चीसमोर ठेवायचे छोटे पेडल कामाला येते. दुबळे पाऊल क्रेप बँडेजने पेडलला बांधायचे, खुर्ची भिंतीला टेकवायची. नाहीतर दर फेरीला ती मागे सरकते.