गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी : परवडण्याच्या हिशोबाची पार्श्वभूमी

भिवापूरकडे मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडण्याच्या आवारात, दिवसभर देठ खुडणाऱ्या बाईला, अंगात काहीही त्रास नसताना, तपासणीसाठी नागपूरला ‘मेडिकल’ला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, किंवा डागा रुग्णालयात जायला सांगितले, तर तिची अडचण तपासणीच्या शुल्काची नसते. त्या दिवशी बुडणारी रोजी, एसटीचे भाडे, सोबत कोण येणार आणि अहवालासाठी पुन्हा खेप पडणार का, हे तिचे प्रश्न असतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी गरीब देशांना परवडते का, याचा शास्त्रीय हिशोब मांडणाऱ्यांना याच प्रश्नापाशी पोहोचायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

सुरुवात झाली ती पॅप तपासणीपासून. जॉर्ज पापानिकोलाऊ आणि हर्बर्ट ट्राउट यांनी १९४१ मध्ये या पद्धतीवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि १९४९ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात तिच्या आधारे संघटित मोहीम सुरू झाली. गर्भाशयमुखावरील पेशी काचपट्टीवर घ्यायच्या, रंगवायच्या आणि प्रशिक्षित तंत्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या, अशी ही पद्धत आहे. एका वेळी तिच्या नजरेतून बरेच दोष निसटतात. पण दर काही वर्षांनी ती पुन्हा केली की निसटलेले पुढच्या खेपेला सापडतात, आणि श्रीमंत देशांतील मृत्यू या सातत्यामुळेच घटले. आपल्याकडे मात्र तंत्रज्ञ, प्रयोगशाळा आणि सातत्य या तिन्हींची वानवा होती. नमुना देणे, दोष आढळल्यास दुर्बिणीतून तपासणी व तुकडा काढणे आणि मग उपचार, अशा तीन खेपांत प्रत्येक टप्प्यावर काही बायका गळत जातात. उपचारापर्यंत न पोहोचणाऱ्या बाईवर झालेला तपासणीचा खर्च वायाच जातो.

यावर दोन वाटा निघाल्या. पहिली अगदी साधी आहे. तीन ते पाच टक्के अॅसिटिक आम्लात, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते त्याच आम्लात, भिजवलेला कापसाचा बोळा गर्भाशयमुखाला लावायचा, मिनिटभर थांबायचे आणि चांगल्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी पाहायचे. पेशींत बिघाड असेल तर तिथे ठळक कडांचा पांढरा चट्टा उमटतो. निकाल जागेवर मिळतो आणि सोय असेल तर उपचारही त्याच बैठकीत करता येतो. दुसरी वाट विषाणूची, म्हणजे घेतलेल्या नमुन्यात या कर्करोगाला कारणीभूत ठरणारा विषाणू आहे का, हे पाहण्याची. हाराल्ड झुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ मध्ये या कर्करोगाच्या गाठींत ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसचा सोळावा प्रकार शोधला. या कार्यासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. विषाणूचा संसर्ग टिकून राहिल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-वीस वर्षे जातात. म्हणूनच योग्य वयात केलेली एखादीच तपासणीही मोलाची ठरते.

या दोन्ही वाटांचा एकत्रित हिशोब हार्वर्डच्या संशोधक स्यू गोल्डी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडला. भारत, केनिया, पेरू, दक्षिण आफ्रिका आणि थायलंड या पाच देशांसाठी संगणकीय प्रारूपे तयार करताना त्यांनी वैद्यकीय खर्चासोबत बाईच्या वेळेचीही किंमत धरली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. वयाच्या पस्तिशीत, आयुष्यात एकदाच, एका किंवा दोन भेटींत आम्लाची किंवा विषाणूची तपासणी केली, तर कर्करोगाचा आजन्म धोका सुमारे २५ ते ३६ टक्क्यांनी घटतो आणि आयुष्याचे एक वर्ष वाचवायला ५०० आंतरराष्ट्रीय डॉलरहून (म्हणजे देशोदेशींच्या क्रयशक्तीतला फरक धरून काढलेल्या डॉलरहून) कमी खर्च येतो, असे त्यांना आढळले. कमीत कमी खेपा लागणाऱ्या पद्धतीच सर्वांत किफायतशीर ठरल्या.

प्रारूपातले गणित प्रत्यक्षात पारखले गेले ते बऱ्याच अंशी महाराष्ट्रात. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. विषाणूच्या एकाच तपासणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले. पॅप आणि आम्लाच्या गटांत मात्र तशी लक्षणीय घट दिसली नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून केलेल्या अभ्यासात दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी आम्लाची तपासणी करवली गेली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तुलनेसाठी ठेवलेल्या गटांतील स्त्रियांची तपासणी झाली नाही, यावर गंभीर नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि या आकड्यांचा उल्लेख करताना त्या स्त्रियांचा विसर पडू नये. असे अभ्यास नोंदींवर उभे असतात. नागपुरात कर्करोगाची लोकसंख्याधारित नोंदणी, म्हणजे ठरावीक भागातील सर्व रुग्णांची नोंद, १९८० पासून, तर बार्शीच्या ग्रामीण भागात १९८७ पासून सुरू आहे.

केंद्र सरकारने २०१६ च्या आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी आम्लाची तपासणी सुचवली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये विषाणूच्या तपासणीला प्राधान्य दिले आणि नमुना बाईने स्वतः घेतला तरी चालेल, असे सांगितले. तरीही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयोगटातील दोन टक्क्यांहून कमी भारतीय स्त्रियांची ही तपासणी कधी झालेली होती. नमुना गावातच घेतला गेला तर पहिली खेप वाचते. दोष आढळल्यानंतरची खेप उरतेच, आणि ती नागपूरपर्यंत पडणार की प्राथमिक आरोग्य केंद्रातच बिघडलेला भाग उष्णतेने जाळण्याची सोय होणार, यावर सातऱ्यावरच्या बाईचा हिशोब ठरतो.