अंटार्क्टिका सहलीसाठी परवाना आणि कागदपत्रे : ठाणे-नवी मुंबईकरांसाठी माहिती

अंटार्क्टिकाला व्हिसा लागत नाही, म्हणून कागदपत्रांचा प्रश्नच मिटला, असा समज ठाणे-नवी मुंबईत चौकशी करणाऱ्या अनेकांचा असतो. तो चुकीचा आहे. व्हिसा नसला तरी परवाना लागतोच. अंटार्क्टिकाच्या पर्यावरण संरक्षणासाठी झालेल्या 1991 च्या माद्रिद प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय करारातील तरतुदी आपल्याकडे अंमलात आणण्यासाठी संसदेने 2022 मध्ये भारतीय अंटार्क्टिक कायदा केला असून, त्यानुसार भारतीय मोहिमेतील कोणालाही पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीतील समितीच्या परवान्याशिवाय किंवा प्रोटोकॉलमध्ये सामील असलेल्या अन्य देशाच्या लेखी परवानगीशिवाय तेथे पाऊल ठेवता येत नाही. परदेशी जहाजावरून जाणाऱ्यांच्या बाबतीत ही परवानगी सहसा जहाज चालवणारी कंपनीच घेते. तरीही आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी ही परवानगी कोणत्या देशाची आहे, हे लेखी मागून घ्यावे.

पारपत्र नवे काढायचे किंवा नूतनीकरण करायचे असल्यास ऑनलाइन अर्ज भरून वागळे इस्टेटमधील पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घेता येते. बहुतेक जहाजे अर्जेंटिनातील उशुआइया बंदरातून सुटतात, त्यामुळे त्या देशाच्या व्हिसाचे नियम आधी पाहावेत. याशिवाय डॉक्टरांनी भरलेला आरोग्य अर्ज आणि आणीबाणीत रुग्णाला तेथून हलवण्याचा खर्च देणारा विमा हे दोन कागद कंपन्या मागतात. जवळपास रुग्णालय नसल्यामुळे हृदयविकार वा अलीकडील शस्त्रक्रिया अर्जात लपवू नये, ही कळकळीची विनंती.

जहाज निवडताना प्रवासीसंख्या अवश्य विचारावी. पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजातून कोणालाही किनाऱ्यावर उतरवता येत नाही आणि लहान जहाजांनाही एका ठिकाणी एका वेळी शंभरच प्रवासी उतरवता येतात. स्वस्त तिकिटाच्या मोहात हे पाहायचे राहून जाते.

उतरण्यापूर्वी कपडे, पिशव्या आणि बुटांची तपासणी होते. येऊरच्या पायवाटेवर वापरलेले बूट नेणार असाल तर घरीच तळव्याच्या खाचांतील माती ब्रशने काढावी, आणि मोज्यांत, वेल्क्रोच्या पट्ट्यांत अडकलेली कुसळे चिमट्याने एकेक वेचावीत. याला औपचारिकता समजू नये. अंटार्क्टिकातील किंग जॉर्ज बेटावर माणसांबरोबर आलेले पोआ अॅन्युआ हे गवत रुजले, आणि ते उपटून काढण्याचे काम शास्त्रज्ञांना करावे लागले. पेंग्विनपासून किमान पाच मीटर अंतर ठेवावे लागते. बर्ड फ्लूच्या धोक्यामुळे तेथे जमिनीवर बसण्यास किंवा गुडघे टेकण्यासही मनाई केली जाते, त्यामुळे छायाचित्रे उभ्यानेच काढण्याची तयारी ठेवावी.