बांधकाम व सुविधा अधीक्षक (स्वच्छ ऊर्जा)

सौर, पवन किंवा बॅटरी साठवण प्रकल्पाच्या जागेवर प्रत्यक्ष कामाची जबाबदारी सांभाळणारा अधिकारी. साइटवर त्याला सुपरिटेंडंट किंवा साइट इन्चार्ज म्हणतात. करार, पैसा आणि परवाने प्रकल्प व्यवस्थापक पाहतो; माणसे, यंत्रे, माल, हवामान आणि सुरक्षितता अधीक्षकाकडे असतात. वीजनिर्मिती सुरू झाली की त्याच जागेची देखभाल सुविधा अधीक्षकाकडे जाते. लहान प्रकल्पांत दोन्ही कामे एकाकडेच असतात, आणि ते प्रकल्पाच्या फायद्याचे ठरते; कारण घाईत बुजवलेल्या खंदकाचा त्रास पुढे त्यालाच होणार असतो.

या कामाचा गाभा म्हणजे जे झाकले जाणार आहे ते झाकण्याआधी पाहणे. सौर प्रकल्पाचा मोठा भाग जमिनीखाली जातो. पाइल (पॅनेलचा सांगाडा पेलणारे, जमिनीत ठोकायचे खांब) ठोकण्याआधी काही नमुना पाइल यंत्राने वर आणि आडवे ओढून मातीची पकड तपासतात. केबलच्या खंदकात आधी वाळूचा थर, त्यावर केबल, पुन्हा वाळू, मग इशारा पट्टी आणि शेवटी भराव असा क्रम असतो. वाळू कमी पडली आणि एखादा टोकदार दगड केबलखाली राहिला, तर भरावाच्या वजनाने तो आवरणात रुततो. कोरड्या हवेत मेगरचे (केबलचे आवरण वीज किती रोखते हे मोजणाऱ्या उपकरणाचे) आकडे चांगले येतात आणि काम पास होते. पुढे पावसात किंवा पहाटेच्या दवात इन्सुलेशन रेझिस्टन्स (आवरणाची वीज रोखण्याची क्षमता) घसरतो, इन्व्हर्टर (डीसी वीज एसी करणारे यंत्र) सकाळी सुरूच होत नाही आणि दुपारी ऊन तापले की आपोआप ठीक होतो. असा दोष शोधण्यात कित्येक दिवस जातात. म्हणून जाणकार अधीक्षक खंदक उघडा असतानाच खांब क्रमांकासह छायाचित्रे घेऊन ठेवतो आणि आपल्या सहीशिवाय जेसीबी पुढे सरकू देत नाही.

विजेच्या बाबतीत सौर प्रकल्पाची एक खोड नव्या माणसाला आधी शिकवावी लागते. पॅनेलवर प्रकाश असेपर्यंत ते बंद करता येत नाही; स्विच उघडला तरी त्याच्या पॅनेलकडच्या बाजूला व्होल्टेज राहतेच. मोठ्या प्रकल्पांत स्ट्रिंगचे (एकापाठोपाठ जोडलेल्या पॅनेलच्या माळेचे) व्होल्टेज १,५०० व्होल्ट डीसीपर्यंत (डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज) असते. एसी (दिशा बदलत राहणारा) प्रवाह दर आवर्तनात शून्यातून जातो, त्यामुळे त्याची ठिणगी विझायला मदत होते. डीसीत तसे होत नाही, म्हणून चालू भारावर कनेक्टर ओढला तर आर्क (हवेतून वाहणारी विजेची ज्योत) लांबत जातो. वेगवेगळ्या कंपन्यांचे, दिसायला सारखे कनेक्टर एकमेकांत बसवणे हेही आगीचे नेहमीचे कारण आहे. ते बसतात, पण आतला संपर्क कमी पडतो आणि सांधा तापत राहतो. थर्मल कॅमेऱ्यात तो लगेच दिसतो, नुसत्या डोळ्यांना नाही.

पवन प्रकल्पात काळजी पायापासून सुरू होते. एका पवनचक्कीच्या पायात काही शे घनमीटर काँक्रीट लागते आणि ते न थांबता ओतावे लागते. मध्ये खंड पडला तर कोल्ड जॉइंट, म्हणजे जुन्या आणि नव्या थरांमधला कच्चा सांधा, राहतो. त्यामुळे राखीव पंप, राखीव काँक्रीट प्लांट आणि रात्रपाळीचा दिवाबत्तीसह बंदोबस्त आदल्या दिवशीच हवा. पाती उचलताना वाऱ्याचा वेग क्रेनच्या बूमच्या (लांब हाताच्या) टोकाशी मोजतात, कारण जमिनीवर शांत वाटणारा वारा वर बराच जोरात असतो. मर्यादा ओलांडली की काम थांबते. वेळापत्रक मागे पडले असताना क्रेनचे भाडे चालू ठेवून थांबण्याचा आदेश देणे हीच अधीक्षकाची खरी परीक्षा.

बॅटरी साठवणीत धोका वेगळा. १९ एप्रिल २०१९ रोजी अमेरिकेत अ‍ॅरिझोनातील सरप्राइज येथे लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या बंदिस्त खोलीत थर्मल रनअवे (सेल स्वतःच तापत जाऊन उष्णता आटोक्याबाहेर जाणे) होऊन ज्वलनशील वायू साठले. अग्निशामकांनी दार उघडल्यावर थोड्याच वेळात स्फोट झाला आणि अनेक जवान गंभीर जखमी झाले. आग विझवणारा वायू सोडला तरी तापलेल्या सेलमधून बाहेर येणारा वायू थांबत नाही, हे त्यातून ठळकपणे पुढे आले. त्यामुळे वायू बाहेर काढण्याची सोय, बॅटऱ्यांच्या दोन कंटेनरांमधले अंतर आणि स्थानिक अग्निशमन दलाला आधीच जागा दाखवणे या गोष्टी बॅटऱ्या चार्ज करण्यापूर्वी पूर्ण व्हाव्या लागतात.

बांधकामाकडून देखभालीकडे हस्तांतरणाच्या वेळी ध्रुवता (धन-ऋण टोके बरोबर जोडली आहेत का), ओपन सर्किट व्होल्टेज (भार न जोडता मिळणारे व्होल्टेज), अर्थिंग आणि इन्सुलेशन यांच्या चाचण्या होतात. सौर प्रकल्पांसाठी आयईसी ६२४४६-१ हे मानक वापरतात. ठरलेल्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) आवळलेल्या बोल्टवर मार्करने रेघ ओढलेली असते. पुढे बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते, आणि सुविधा अधीक्षकाची फेरी अशाच खुणांवर चालते. शिवाय पॅनेलच्या कडेवरून पडणाऱ्या पाण्याने झिजलेली माती, वाढलेले गवत, इन्व्हर्टरचे धुळीने तुंबलेले फिल्टर, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची तपासणी आणि वॉरंटीचे दावे हे सगळे त्याच्याकडे असते. जमिनीतली केबल नेमकी कुठून गेली हे दाखवणारे अ‍ॅज-बिल्ट (प्रत्यक्ष बांधले तसे) नकाशे बांधकामाच्या टप्प्यातच अद्ययावत ठेवलेले नसतील, तर कुंपणाचा नवा खांब रोवतानाही केबल तुटू शकते.

या पदावर स्थापत्य किंवा विद्युत शाखेचे पदविकाधारक जसे येतात, तसेच वायरमन, फिटर आणि फोरमन म्हणून वर चढलेले लोकही येतात. औष्णिक केंद्रे किंवा इमारत बांधकामातून आलेल्यांना डीसी विजेची सुरक्षा नव्याने शिकावी लागते. क्रेन, काँक्रीट आणि ठेकेदार सांभाळण्याचा त्यांचा अनुभव मात्र तसाच्या तसा कामी येतो.